गुरुवारची गोड बातमी

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. काचेला तडा गेलाय, बॅटरी दमलीय, पण उत्साह मात्र नवाकोरा! चाकणच्या एका कंपनीत तपासणी विभागात काम करणाऱ्या आम्रपालीताईची मी पहिली खरेदी. ती आणि तिचा धाकटा भाऊ प्रितम माझ्यावर इतके गेम खेळायचे, की मी तापून लाल व्हायचो. तरी मजा यायची.

एक खरं सांगतो. बातम्या माझ्याकडे ढीगभर येतात, पण त्यातली खरी कोणती, खोटी कोणती, हे मला कळत नाही. मी आपला सगळ्या बातम्यांना सारखंच टिंग करतो.

गेल्या वर्षी ही जोडी शहरातल्या गेमिंग स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचली. फेरी रविवारी आणि कंपनीची सुट्टी गुरुवारी! त्याच कंपनीत कामाला असलेल्या प्रितमने सुपरवायझर मारुतरावांच्या मागे लागून दोघांची रजा कशीबशी मिळवली. आणि दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या बसमध्ये मी टिंग केलं.

"ताई, फायनल गुरुवारी ढकलली! तीन साइटवर आलंय. रजा रद्द करून टाकतो!" प्रितम ओरडला. अख्खी बस खूश झाली. आपल्याच सुट्टीच्या दिवशी फायनल म्हटल्यावर शंका कोण घेणार?

"थांब रे," ताई म्हणाली. "कुणी सांगितलंय? नाव, तारीख काही आहे का?"

तिन्हीकडे नव्हतं. फोटो तोच, वाक्यंही तीच.

"या तीन बातम्या नाहीत, एकच आहे. आपल्याकडे डायला, म्हणजे साच्याला, ओरखडा असला की प्रत्येक नगावर तोच उठतो. एकानं लिहिलं, दोघांनी उचललं," ताईने समजावलं.

मग तिने स्पर्धा भरवणाऱ्यांचं स्वतःचं पान उघडलं. तिथे त्याच दिवशी सकाळी लिहिलं होतं, फायनल रविवारीच. गुरुवारी ढकललेली फायनल आदल्या वर्षीची होती!

"आयला, घालवलीच असती की रजा!" प्रितमने कपाळावर हात मारला. "गुरुवार म्हटलं आन् मी विरघळलो."

"सोयीची बातमी दोनदा तपासायची, राजा," ताई हसली.

रविवारी ते जिंकले! बक्षीस म्हणून मिळाला नवा मोबाइल. आता मी भंगारात जाणार, असं मला वाटलं. पण ताईने मला पुसून टीव्हीशेजारी मानाने ठेवलं.

मित्रांनो, आमची काच जपा, बॅटरी जपा. आणि आम्ही टिंग केलं की क्षणभर थांबा. परवा तो नवा मोबाइल जोरात वाजला. "ताई, नवा गेम फुकट मिळतोय..." प्रितम बोलता बोलता थांबला. "एक मिनिट. आधी कुणी सांगितलंय ते बघतो."

मला कुणाचाच फोन आला नव्हता, तरी मी आनंदाने थरथरलो.