न दुखणारा पाय

थोरल्या जाऊबाईंनीच धाकटीला गुरांच्या रेतन केंद्रात चिकटवलं होतं. वळूंचं वीर्य बारीक नळ्यांत भरून तिथे बर्फाहून कितीतरी थंड अशा द्रव नायट्रोजनच्या टाक्यांत ठेवलेलं असे. तो नायट्रोजन सारखा उडून जायचा, म्हणून टाक्या भरत राहायचं हे दोघींचं काम. घरात जाऊबाईंचा शब्द चालायचा, इथेही चालायचा.

त्या दिवशी भरता भरता नायट्रोजनची नळी सटकली. पांढऱ्या वाफेचा लोट उठला आणि द्रव चहूकडे उडाला. धाकटीच्या उघड्या मनगटावर थेंब पडले आणि तापल्या तव्यावरच्या पाण्यासारखे टुणटुणत घरंगळून गेले. मनगटावर साधा ओरखडाही नाही. कातडीच्या उबेनं थेंबाखाली वाफेची गादी तयार होते, हे तिला शिकवलेलं होतं, तरी छातीत धडधडत होतंच. बंद खोलीत या वायूनं जीव गुदमरतो, म्हणून तिनं आधी दार सताड उघडलं. जाऊबाईंनी तोटी बंद केली.

"बघ, काही झालं का? उगाच तोंड एवढंसं केलंस," त्या हसल्या.

धाकटीचं लक्ष त्यांच्या पायाकडे गेलं. रबरी बूट तळपायाच्या कुरुपाला लागतात म्हणून त्या कापडी बूट घालायच्या. उजव्या बुटातून वाफ निघत होती.

"जाऊबाई, बुटात गेलंय. मोजा भिजलाय तुमचा."

"असेल. पण दुखत नाहीये गं."

उघड्या कातडीवरून निसटतं ते कापडात अडकून बसतं, आणि मग मांस गोठतं. गोठलेलं मांस दुखत नाही.

तिनं त्यांना बळेच खुर्चीवर बसवलं, नाड्या कापून बूट सोडवला. मोजा पायाला चिकटला होता.

"ओढून काढ की," जाऊबाई म्हणाल्या.

"नको. कातडी येईल सोबत."

तिनं बादलीत कोमट पाणी आणलं, बाळाच्या अंघोळीला बघतात तसं कोपर बुडवून पाहिलं आणि पाय मोज्यासकट आत सोडला. मोजा हळूहळू सुटला. खालची बोटं मेणासारखी पांढरी, टणक. चोळावंसं वाटत होतं, पण चोळायचं नसतं. तिनं स्वतःचे हात मांडीखाली दाबून धरले. जाऊबाई पायाकडे एकटक बघत होत्या, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

"माझाच आहे ना गं तो?" त्यांनी हळूच विचारलं.

पाणी गार होत आलं की धाकटी ते बदलत राहिली. शेवटी जाऊबाईंनी तिचा खांदा असा आवळला, की नखं रुतली. "आई गं... आग होतेय. आग."

"होऊ दे," धाकटी म्हणाली आणि तिला रडूच फुटलं.

इस्पितळात नेईपर्यंत फोड आले होते. डॉक्टरांनी फोडांतलं पाणी नितळ आहे म्हणून धीर दिला, पण करंगळीकडच्या दोन बोटांबद्दल हमी दिली नाही. पुढे त्यातलं एक वाचलं. करंगळीचं टोक काळं पडत गेलं, ते काढावं लागलं.

जाऊबाई आता केंद्राच्या खिडकीवर बसतात, आलेल्यांना पूर्वीसारखंच दरडावतात. टाक्यांच्या खोलीत काही काम निघालं तर मात्र दारापाशी थबकतात आणि तिथूनच धाकटीला हाक मारतात. धाकटी येते, काम करून देते. तिचीही छाती अजून धडधडते.