गालिचा उलटा केला तेव्हा

इस्त्रीच्या दुकानावरच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. जो तो टाचा उंचावून गालिचामहाराजांचा गालिचा बघत होता. काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचा, दारापासून थेट महाराजांच्या आसनापर्यंत. त्याचं सूत म्हणे हिमात बसलेल्या योग्यांनी श्वासाने कातलं होतं. श्वासाने सूत कसं काततात, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही. रोज पहाटे उठून जप करणारी, आठवड्यातून दोन दिवस उपास धरणारी बाई मी. चमत्काराचं मला वावडं नव्हतं.

आमच्या ह्यांना कंपवात आहे. हात थरथरतो तो थरथरतोच, पण दारात आले की पाय असे खिळतात की मागे भाजीची पिशवी घेऊन मीही अडकते. त्या दिवशी मात्र हे गालिच्याच्या कडेला क्षणभर थांबले आणि एकेक पट्टी ओलांडत सरळ महाराजांपर्यंत गेले. टाळ्या पडल्या. माझे डोळे भरून आले.

"आता औषधं कशाला?" असं म्हणत महाराजांनी टोपली पुढे सरकवली. तीत लोकांनी टाकलेले गोळ्यांचे डबे होते. ह्यांनी खिशातून आपला डबा काढला. मी धावत जाऊन त्याचं दुसरं टोक धरलं. हे ओढताहेत, मी ओढतेय, आणि महाराज डोळे मिटून दोघांनाही आशीर्वाद देताहेत.

ह्यांना व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताई आमच्यासोबत आल्या होत्या. त्यांनी नम्रपणे विचारलं, "महाराज, शक्ती पट्ट्यांत आहे की गालिच्यात?"

"धाग्याधाग्यात, मुली."

"मग उलटा घातला तरी चालेल."

महाराजांना नाही म्हणता येईना. गालिचा उलटला. मागची बाजू सपाट, तपकिरी. ह्यांना पुन्हा कडेशी उभं केलं, तर हे डिंकाने चिकटवल्यासारखे तिथेच. महाराजांनी मंत्र म्हटला, फुंकर मारली, आसनावरून उठून स्वतः दोन पावलं चालून दाखवली. शेवटी घाम पुसत निदान केलं, की घरच्या बाईची श्रद्धा कमी पडतेय.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मागून इस्त्रीवाला शांतपणे म्हणाला, "ह्या मावशींची? जप संपल्याशिवाय त्या कपडेसुद्धा मोजून घेत नाहीत, मी दारात ताटकळतो. यांची श्रद्धा कमी पडत असेल, तर आपल्यापैकी एकालाही आज उठून घरी जाता यायचं नाही."

हॉल हसायला लागला. तोवर ताईंनी ह्यांचं पाऊल मोजून उघड्या फरशीवर पांढऱ्या चिकटपट्टीच्या रेघा मारल्या होत्या. हे निघाले ते जिन्यापर्यंत. हाका मारून परत आणावं लागलं.

ताईंनी समजावलं, की या आजारात 'चाल' हा मेंदूचा आपोआप जाणारा हुकूम वाटेत अडखळतो. समोर रेघ दिसली की ती ओलांडायचं ठरवून पाऊल उचलता येतं. पण अंतर ज्याच्या त्याच्या पावलाप्रमाणे लागतं, आणि हेही सगळ्यांना लागू पडत नाही. कुणी ठेक्यावर चालतं, कुणी आकडे मोजत. शेजारच्या काकूंचा हात लकव्याने गेलाय, त्यांना रेघांचा काय उपयोग? त्यांचा व्यायामच वेगळा. आणि गोळ्या एकाएकी बंद करणं तर जिवावर बेतू शकतं.

आता टोपलीवर झुंबड उडाली. ताईंनी एकेक नाव वाचून ज्याचा डबा त्याच्याच हातात दिला. ह्यांनी आपली दुपारची गोळी तिथेच घेतली, महाराजांच्याच तांब्यातल्या पाण्याने.

मी अजूनही पहाटे जप करते. देवाने आजवर एकदाही माझ्याकडे औषधाचा डबा मागितलेला नाही. जो मागेल, तो देवाचा माणूस नव्हे, एवढं ओळखायची बुद्धी त्यानेच आपल्याला दिलीय. ती वापरा.