गिरणीला आलेलं खोकं

माझा धाकटा भाऊ कॅमेऱ्यासमोर बसून खातो आणि मी कॅमेऱ्यामागे उभी राहून ते जगाला दाखवते. हाच आमचा धंदा. लोक त्याला 'गिरणी' म्हणतात, कारण टाकाल ते दळून निघतं. लहानपणी आई कामावर गेली की मीच त्याला भरवायचे. पोटावर हात ठेवून बघायचे आणि म्हणायचे, "भरलं. ऊठ आता." आता माझा आवाज कुणाला ऐकू जाता कामा नये. प्रेक्षकांना मध्ये कुणी बोललेलं खपत नाही म्हणे.

अशा खादाडांचा ऑनलाइन गट आहे, 'आडवा हात' नावाचा. वर्षअखेरच्या सुट्टीत ते चिठ्ठ्या टाकून एकमेकांना खाऊची खोकी पाठवतात. ऐकायला किती गोड! पण नियम बघा. खोकं लाइव्ह उघडायचं, आलेलं सगळं संपवायचं आणि शेवटी कॅमेऱ्यात बघून सांगायचं, पोट भरलं की नाही. काही उरलं तर खाणारा गटाबाहेर. पोट भरलं नाही, तर पाठवणारा बाहेर. आणि गटाबाहेर गेलेल्याला कुणी बघत नाही. मग काय, जो तो हत्तीला पुरेल एवढं पाठवतो आणि वर त्याला प्रेम म्हणतो.

मागच्या सुट्टीत खोकं संपवून गिरणी बाथरूमच्या फरशीवर गाल टेकून पडला होता. डॉक्टरीणबाईंनी त्याला सोडून मलाच फैलावर घेतलं. "पोटाची पार पिशवी झालीये याच्या. भरल्याचा निरोप डोक्यापर्यंत पोचतच नाही. पुन्हा असं खाल्लं तर फाटेल, आणि तुम्ही शूटिंग करत बसा."

घरी येताना तो म्हणाला, "ताई, हे कुणाला कळता कामा नये. गिरणी बिघडलीये म्हटल्यावर कोण बघणार मला?"

बोलले तर त्याची रोजीरोटी जाणार, गप्प राहिले तर भाऊच जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. वर्षभर मी रोज तिवईवर कॅमेरा चढवला आणि रोज स्वतःला शिव्या घातल्या.

यंदा त्याच्या नावाची चिठ्ठी भस्म्याला निघाली. भस्म्या म्हणजे त्याचा जुना प्रतिस्पर्धी, दोन लेकरांचा बाप. मी जिन्यात जाऊन त्याला चोरून फोन केला आणि सगळं सांगितलं.

"थोडंच पाठवलं तर मी बाहेर जाईन की हो ताई," तो म्हणाला.

"माहीत आहे."

दुसऱ्याच्या ताटावर हात मारल्यासारखं वाटलं मला.

खोकं आलं ते मी एका हातानं उचललं, तेव्हाच जिवात जीव आला. दिवे लावले, लाइव्ह सुरू केलं. गिरणीनं आरोळी ठोकून खोकं फाडलं. आत सूपचा थर्मास, दोन पाव, एक उकडलेलं अंडं आणि एक सफरचंद.

"ही झाली नांदी!" तो कॅमेऱ्याकडे बघून हसला. "नाटक कुठाय?"

खाली कॉमेंटांचा पाऊस. भस्म्या चिकट आहे. गिरणीचा अपमान केला. हाकला त्याला. गिरणी, फ्रीज उघड, दाखव त्याला! फ्रीज तर आमच्याकडे कायम गच्च भरलेला असतो.

गिरणी मुकाट्यानं खाऊ लागला. घाई करायला काही नव्हतंच. पाव सूपमध्ये बुडवताना त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. तो समजला.

सफरचंदाचा देठ ताटात ठेवला आणि ती घटका आली. भरलं की नाही? नाही म्हणावं तर भस्म्याच्या पोटावर पाय. हो म्हणावं तर वाटीभर सुपात भरणारी गिरणी कोण बघणार? त्यानं नेहमीची आरोळी ठोकायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मग पोटावर हात ठेवून चाचपत राहिला.

"खरं सांगू? मला कळतच नाहीये."

कॉमेंटांत हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. तो हसत नव्हता.

"चेष्टा नाही. भूक आहे का पोट भरलंय, मला काहीच कळत नाही. डॉक्टर म्हणतात, असंच खात राहिलो तर मरेन." मग त्याची नजर कॅमेऱ्यावरून ढळली आणि माझ्यावर येऊन थांबली. "तायडे, तू सांग ना. भरलं का गं माझं?"

मला हुंदका आला, आणि तो सगळ्या जगानं ऐकला असणार. ऐकू दे. मी कॅमेरा तसाच सोडून पुढे गेले आणि त्याच्या पोटावर हात ठेवला.

"भरलं," मी म्हणाले. "ऊठ आता."

आणि तो उठला.