थेंबाने थांबलेलं रक्त

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मंचावर पांढरा कोट चढवलेला ‘संशोधक’ एका म्हाताऱ्याच्या हिरडीवर रुमाल घासत होता. रुमाल लाल. मग त्याने बाटलीतला थेंब हिरडीला चोळला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला आणि पुन्हा रुमाल फिरवला. पांढराशुभ्र! टाळ्यांचा कडकडाट झाला.

“हे औषध अजून प्रयोगात आहे!” तो गरजला. “दात खरवडून पोट भरणाऱ्यांना ते बाहेर येऊ द्यायचं नाहीये. सूज गेली की रोग गेला! मात्र डॉक्टरची पायरी चढलात, तर गुण गेलाच म्हणून समजा.”

झालं! मंडळी बाटल्यांवर तुटून पडली.

त्यांत गावातल्या दंतवैद्य बाईंचा सख्खा मामाही होता. मामा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. वाद्याचं टोक वरच्या ज्या दातांना टेकतं, नेमके तेच हलू लागले होते. हिरड्यांखालची घाण काढून घे म्हणून भाची कधीची मागे लागली होती. मामा सुईच्या धाकाने टाळत होता.

“बघ, थांबलं रक्त!” तो ऐटीत दवाखान्यात शिरला.

भाचीने आरसा तोंडात घातला. हिरड्या पांढुरक्या पडल्या होत्या, पाण्यात राहिलेल्या बोटांसारख्या. तिने हलकेच दाबलं. दाताच्या कडेने पू आला. तिच्या मस्तकात तिडीक गेली.

“उद्या थेंब लावू नकोस. आणि माझ्याबरोबर चल.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा सभा भरली, तेव्हा ती थेट मंचावर चढली. “काल बरे झालेले आधी दाखवा!”

“बाई, श्रद्धा नसेल तर औषध...”

“औषधाला श्रद्धा लागत नाही. मामा, तोंड उघड.”

तिने मामाच्या हिरडीवर फिरवलेला रुमाल लाल झाला. कालचा म्हातारा आपणहून पुढे आला. त्याचाही लाल. तिने पर्समधून एक बाटली काढून त्याच्या हिरडीला थेंब चोळला, जरा थांबली, पुसलं. पांढरा!

“हे सर्दीत नाकात घालायचे थेंब. रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रक्त थांबतं. अंमल उतरला की पुन्हा सुरू. तोवर आत हाड झिजतच असतं.”

“खोटं! माझं औषध वेगळं आहे!”

पहिल्या रांगेतल्या न्हाव्याने मंचामागचा पडदा ओढला. खोक्यात नाकाच्या थेंबांच्या रिकाम्या बाटल्या खच्चून भरल्या होत्या. संशोधक मागच्या दाराकडे पळाला. लोकांनी त्याला कोटाला धरून थांबवलं.

“हिरड्यांची सूज उतरवणारी नवी औषधं खरंच शोधली जात आहेत,” ती म्हणाली. “पण खऱ्या प्रयोगात धोके आधी सांगतात, महिनोन्महिने तपासतात, फसला तर फसला म्हणतात. टाळ्या वाजवण्याआधी विचारत चला: रक्त कशाने थांबलं? किती वेळ?”

संध्याकाळी मामा तिच्या खुर्चीत बसला.

“दुखेल?”

“बधीर करते, पण सुई टोचेल.”

“आणि दात?”

“एक बहुतेक जाईल. बाकीच्यांसाठी जीव तोडून प्रयत्न करू. शब्द देत नाही.”

मामाने खुर्चीचे हात घट्ट धरले आणि तोंड उघडलं.