अर्धी हवेलीतली, अर्धी फ्लॅटमधली

मी एक भयकादंबरी बोलतेय. मुरडलंत ना नाक? मुरडा. मला सवय आहे. वाचनालयात मला न्यायला येणारी माणसं आधी इकडेतिकडे बघायची, मग एखादं जाडजूड चरित्र वर आणि मी खाली, अशी घरी न्यायची. चरित्र जसंच्या तसं कोरं परत यायचं. माझ्या पानांवर मात्र चहाचे डाग, तेलकट बोटं, आणि एका कोपऱ्यावर तर चक्क दातांचे ठसे. कुणाचे ते मला ठाऊक आहे, पण सांगणार नाही. मोठ्या हुद्द्यावरचे गृहस्थ आहेत.

जन्माने मी ही अशी नव्हते. आम्ही दोघी होतो. एक जुनी. तिच्यात टेकडीवरची हवेली, नुकती लग्न होऊन आलेली मुलगी, जिन्यातल्या तसबिरी, कायम कुलूपबंद असलेली खोली आणि भिंतीतून येणारा आवाज. दुसरी अलीकडची. तिच्यात चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, लिफ्ट, साऱ्या इमारतीशी गोड बोलणारा नवरा, आणि पुन्हा भिंतीतून येणारा आवाज. फक्त दुसरीत भूत नाही. तिथली बाई जीव तोडून सांगते आणि कोणी ऐकत नाही, एवढंच. पण वाचताना अंगावर काटा तसाच येतो, किंबहुना जास्तच.

वाचून वाचून आम्ही दोघी खिळखिळ्या झालो, तेव्हा ग्रंथपाल बाईंनी आम्हाला एकाच पिशवीतून बाइंडरकडे पाठवलं. माणूस कामाला चोख, पण तोंडाचा पट्टा अखंड चालू. जुनी शिवण उसवायची, पानांचे जुडगे सुटे करायचे, कडा कापायच्या आणि पुन्हा शिवायचं, ही त्याची रीत. आम्ही दोघी एकाच मापाच्या, सारख्याच पिवळ्या पडलेल्या. शेजारच्या दुकानदाराशी जावयाच्या तक्रारी करता करता त्याने जुनीचा पुढचा अर्धा भाग उचलला आणि त्याला नवीचा मागचा अर्धा जोडला. पानांचे आकडे बरोबर पुढे चालू राहिले. आकडे जुळले म्हणजे पुस्तक जुळलं, असं त्याचं शास्त्र.

त्यामुळे माझं असं झालंय बघा. हवेलीतली नवरी हातात दिवा घेऊन कुलूपबंद खोलीकडे वळते, आवाज वाढतो, ती मागे फिरून दार लावून बसणार, इतक्यात पान संपतं. पान उलटलं की फ्लॅटमधली बाई स्वयंपाकाचा ओटा तसाच सोडून भिंतीला कान लावते आणि प्लंबरला फोन करते.

इतकी वर्षं कुणीही तक्रार केली नाही. एका वाचकाने तर ग्रंथपाल बाईंना ऐकवलं, "लेखकाने काळ कसा उडवलाय बघा. आपल्याकडे हे कळायला वेळ लागेल." उरलेल्या अर्ध्यांची जोडी, फ्लॅटमध्ये सुरू होऊन हवेलीत संपणारी, कुणीतरी नेली ती परतच आली नाही. जिथे असेल तिथे घाबरवत असो.

मग एक दिवस आजी आल्या. सिनेमाच्या तिकीट खिडकीवर त्यांची नोकरी झालेली. बाई म्हणाल्या, "आजी, या वयात हे कशाला? झोप उडेल."

"अगं, मी खिडकीत बसून माणसं बघितलीत. रडका सिनेमा सुटला की लोक माना खाली घालून घरी. भीतीचा सुटला की हसत, एकमेकांना ढकलत, भेळभत्ता शोधत. माझी झोप तशीही उडालेलीच आहे. दे इकडे."

आजी मला उघड्या हातात घेऊन निघाल्या. वर चरित्र नाही, काही नाही. मी तिथेच त्यांची झाले.

त्यांच्या घरी मुलगा, सून आणि लहानगी नात. मुलगा गाडी चालवायला शिकवतो. त्याच्या गाडीत ब्रेक दोन, एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक याच्या. दिवसभर लोकांना "घाबरायचं नाही" म्हणून म्हणून त्याला ते घरीही म्हणायची खोड लागलेली.

दुपारी घर रिकामं झालं की आजी नातीच्या खोलीत मला घेऊन बसायच्या. नातीचा पलंग भिंतीला टेकलेला, वर पोटमाळा, त्यात साऱ्या घराच्या ट्रंका आणि जुनं सामान. त्या भिंतीत आवाज यायचा. टक. मग बराच वेळ काही नाही. मग वाळू घसरावी तशी सरसर. आजींनी मुलाला सांगितलं. तो हसला. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा हसला नाही.

"आई, तू ती पुस्तकं वाचतेस ना, त्याने होतंय."

"पुस्तक वाचायच्या आधीपासून येतोय आवाज."

"मग डॉक्टरांना दाखवू. कानाच्या नको, दुसऱ्या. नुसतं बोलायचं गं त्यांच्याशी. घाबरायचं नाही."

मला धरलेली आजींची बोटं गार पडली होती. भिंतीतल्या आवाजाने नव्हे हं. आपलाच मुलगा आपल्याकडे असं सांभाळून बघायला लागला, त्याने.

दुसऱ्या दुपारी त्या माझ्या मध्यावर पोहोचल्या. नवरी दार लावणार, पान उलटलं, बाईने भिंतीला कान लावला. आजींनी मला उशीवर पालथं टाकलं, उठल्या आणि आपला कान भिंतीला लावला. कान ओला झाला.

संध्याकाळी मुलगा आला तर पलंग आजींच्या खोलीत.

"हे काय? एकटीने सरकवलास?"

"तुझी बायको होती ना. तिला म्हटलं, खालचं झाडायचंय."

"आणि झाडलंस?"

"नाही."

सून तोंडाला पदर लावून हसत होती. मुलाने मात्र मला उचललं आणि सकाळी थेट वाचनालयात टेबलावर आपटलं. "हे पुस्तक ठेवूच नका. म्हातारी माणसं भ्रमिष्ट होतात. आई आज प्लंबर बोलावतेय, भिंतीतल्या भुताला काढायला."

बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "तुम्ही वाचलंय का?"

"असलं मी वाचत नाही."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मी टेबलावरच होते, सुनेचा शब्द न शब्द मला ऐकू आला. प्लंबरने भिंतीचं प्लास्टर थोडं उकरलं तर आत नळ कधीपासून गळत होता. पोटमाळ्याचा वासा भिजून भिजून भुसा झालेला. प्लंबर "सगळे बाहेर व्हा" म्हणतोय तोवर पोटमाळा ट्रंकांसकट खाली आला. कुणाला लागलं नाही. पलंग जिथे असायचा तिथे आता ढीग आहे.

मुलाने फोन कानाला तसाच धरून ठेवला. त्याचा उजवा पाय जमिनीवर घट्ट दाबला गेला, जणू तिथे ब्रेक होता. मग मला तिथेच टाकून तो पळाला.

इथे माझं कौतुक झालं असेल असं वाटतंय? छे. बाईंनी कुतूहलाने मला वाचायला घेतलं आणि चूक उघडी पडली. वाचनालयाच्या मंडळींनी ठरवलं, हिला उसवा, अर्ध्या अर्ध्या करून रद्दीत घाला. बाइंडर आला, ओशाळून कान धरला आणि पिशवीतून सुरी काढली. नेमक्या तेव्हाच आजी पुस्तक बदलायला आल्या.

"ती सुरी आत ठेवा आधी."

"आजी, चुकीची शिवली गेलीय हो. दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

"तुम्हाला वेगळ्या दिसतात. नुसती पहिली वाचली असती तर मी दार लावून बसले असते. नुसती दुसरी वाचली असती तर वाटलं असतं, कोणी ऐकणार नाही, कशाला बोला. दोन्ही होत्या म्हणून नात सुखरूप आहे. लावा सुरी आता."

बाइंडरने सुरी ठेवली. बाईंनी माझ्या पहिल्या पानावर 'रद्द' असा शिक्का मारला आणि मला आजींच्या हातात दिलं. रद्द तर रद्द. असल्या शिक्क्याने मी मरत नाही.

आता मी नातीच्या खोलीत, नव्या भिंतीला पाठ लावून उभी असते. काही वाजलंच तर पहिल्यांदा मलाच कळेल. मधूनमधून फळीवरून गायब होते मी. आजींना वाटतं सून नेते. नेतो मुलगा. दोन शिकवण्यांच्या मधे गाडीत वाचतो, वाहतुकीच्या नियमांचं पुस्तक वर आणि मी खाली. परवा जेवताना त्याने ताटाकडे बघत विचारलं, "आई, त्या हवेलीतल्या नवरीचं पुढे काय झालं गं?"

आजींनी घास गिळला. "तिने प्लंबरला बोलावलं," म्हणाल्या.

मला भुताटकीचं बाड म्हणा, बायकांचं खूळ म्हणा, अर्धवट म्हणा. मी हलणार नाही. जुनी असो की नवी, माझ्या जातीचं पुस्तक न्यायचं असेल तर सगळ्यांसमोर न्या. वर काही ठेवू नका.