जशी दिली तशी

रंजनाच्या लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना आला ते तेवीस साल. जावई पाटावर बसला होता, तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे रचले होते, आणि बाहेर सुरतेतल्या लिंबायतच्या गल्लीत त्याची पांढरी गाडी झेंडूचा हार घालून उभी होती. गल्ली एवढी अरुंद, की गाडीने दोन घरांची दारं अडवली होती. पण त्या दिवशी कुणी कुरकुर केली नाही. शेजारची धुरपदाबाई अंग चोरून गाडीच्या कडेने गेली आणि जाताजाता गाडीला नमस्कार करून गेली.

गाडी गजेंद्रच्या मालकीची नव्हती. अनामत भरायची, रोजचं भाडं द्यायचं, तीन वर्षं चालवली की कागद तुमच्या नावावर, असं टॅक्सी कंपनीचं बोलणं. लूमवर बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या पोराला असं कुणी सांगितलं, की ती त्याला पहिल्या दिवसापासून स्वतःचीच वाटते. अनामतीला रंजनाची सोन्याची पोत गेली होती.

"मामा, जेवण मंग व्हई," गजेंद्र सासऱ्याला म्हणाला, "पहिले गाडी देखी ल्या."

लोटू हात पुसत बाहेर आला. लिंबायतमध्ये त्याला लोटू डेंटर म्हणत. चेपलेल्या गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ करण्यात त्याची छत्तीस वर्षं गेली होती. त्याआधीची सहा वर्षं लूमच्या खडखडाटात गेली, तेव्हापासून त्याला ऐकू कमी यायचं. पण बोटाच्या पेराने पत्रा वाजवला की तो आवाज त्याच्या हाडात चढायचा, आणि हाड कधी चुकायचं नाही.

त्याने बोनेट वाजवलं. टण्ण. दरवाजा वाजवला. टण्ण. मग उजव्या चाकावरचा पत्रा वाजवला.

थप्प.

ओल्या भिंतीवर हात मारावा तसा आवाज. त्याने वीतभर पुढे वाजवलं. पुन्हा थप्प. म्हणजे इथे पत्रा नव्हता, पुट्टी होती. दोन बोटं जाड. एवढी पुट्टी कुणी चेपलेला पत्रा सरळ करायला भरत नाही, मोडलेलं झाकायलाच भरतात.

"कशी शे मामा?" गजेंद्र उंबऱ्यात उभा होता. कपाळावर कुंकू, त्यावर चिकटलेले तांदूळ. मागे लोटूची बायको प्रमिलाबाई, रंजना, आजूबाजूला निम्मी गल्ली.

"झकास शे," लोटू म्हणाला.

जावयाच्या वस्तूला नाव ठेवायचं नसतं. त्यात धोंड्याचा महिना, भरलं ताट, चारचौघं. नंतर एकट्याला गाठून सांगू, असं त्याने ठरवलं. मग गणपती गेले, नवरात्र गेलं, दिवाळी गेली. गजेंद्र यायचा, चहा व्हायचा, आणि बोलणं राहून जायचं. बोललो तर पोराला वाटेल, सासऱ्याने आपलं हसू केलं. लोटूने स्वतःला हेच कारण दिलं. कारण बरं होतं. सगळ्यांना पटलं असतं.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी कोसाडजवळ साड्यांचे गठ्ठे भरलेला एक टेम्पो मध्येच थांबला आणि गजेंद्रची गाडी मागून त्याच्यावर गेली. वेग रिक्षाएवढा. मागच्या सीटवरच्या बाई उठल्या, पिशवी उचलली आणि दुसरी रिक्षा करून निघून गेल्या. एवढासा अपघात. पण गजेंद्र स्टिअरिंगवरून उठला नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीतून फोन आला. मराठी ड्रायव्हरांशी बोलायला ऑफिसात दिलीप नावाचा माणूस होता.

"काका, उपचार चालू आहेत ना? छान, छान. आणि गाडी कुठे आहे?"

लोटूने फोन दुसऱ्या कानाला घेतला.

"नियम सांगतो. मागून धडकला की चूक ड्रायव्हरची. गाडी दुरुस्त करून यार्डात आणायची, जशी दिली तशी. मग अनामतीचं बघू. तुम्ही स्वतः डेंटर आहात म्हणे? मग तर काय, घरचंच काम!"

घरचंच काम. लोटूने ती गाडी ओढून आपल्या दुकानासमोर आणली.

दवाखान्यात गजेंद्रच्या बरगड्यांमध्ये नळी घातलेली होती. बोलताना त्याचा श्वास अर्ध्यात तुटायचा. "मामा, गाडी व्हई जाई ना?"

"व्हई जाई. तुम्ही बोलू नका."

"तुम्हना हात लागना म्हंजे..." पुढचं खोकल्यात गेलं. तेवढ्या खोकल्यातही तो सासऱ्याकडे बघून हसला.

सोमवारी लोटूने बंपर काढला आणि उजव्या बाजूला हातोडी मारली. पुट्टी वाळल्या चुन्यासारखी ढलप्यांनी खाली आली. आत चेसिसचं पुढचं टोक आधीच कधीतरी फाटलेलं होतं. त्यावर तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, चार ठिकाणी वेल्डिंगचे टिपके देऊन चिकटवला होता. डब्यावरचं हिरवं शेंगदाण्याचं चित्र अजून शाबूत होतं. जो धक्का या लोखंडाने खायचा, तो सरळ आत गेला होता. माणसापर्यंत.

मग त्याच्या ध्यानात आलं, की या गाडीच्या स्टिअरिंगमध्ये हवेची पिशवी असते. धडक बसली की ती फुगते आणि छाती वाचते. पिशवी फुगलेली नव्हती. त्याने स्टिअरिंगचं झाकण उचकटलं.

आत पिशवी नव्हतीच. आत चिंध्यांचा बोळा कोंबलेला होता. साडीचं कातरण, गुलाबी, जरीचा मोर असलेलं. सुरतेत असल्या चिंध्या पोत्याने मिळतात, मशीन पुसायला. आणि पिशवी नाही हे सांगणारा मीटरवरचा दिवा पेटू नये म्हणून मागे वायरला वायर जोडून ठेवली होती. कुणीतरी बसून, डोकं लावून, सफाईने केलेलं काम होतं ते.

प्रमिलाबाई डबा घेऊन आली तेव्हा तो बोळा हातात धरून फळीवर बसला होता.

"काय व्हयनं वो? तोंड कसाले उतरनं?"

त्याने बोळा पुढे केला. "हाई देख. हाई व्हतं आपला जवाईना छातीम्होरे."

तिला आधी कळलं नाही. त्याने समजावलं तेव्हा तिने डबा जमिनीवर ठेवला आणि कंपनीच्या सात पिढ्यांचा असा उद्धार केला, की समोरचा पानवाला भाईदास दुकानातून उतरून बाहेर आला. लोटूने हातोडी उचलली आणि भिंतीवर फेकली. प्लास्टर पडलं. पुन्हा उचलली, पुन्हा फेकली. भाईदासने त्याचा हात धरला. "बस, लोटूभाई, बस. भीत शुं करे?" भिंतीने काय केलंय!

गुरुवारी दिलीप स्वतः आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. उघडी गाडी बघून त्याने कपाळाला आठ्या घातल्या.

"एवढं खोलायची काय गरज होती काका? वरून पुट्टी मारायची, रंग मारायचा, द्यायची."

"हे काय आहे?" लोटूने बोळा त्याच्या नाकासमोर धरला.

दिलीप एक पाऊल मागे सरला. "मला त्यातलं कळत नाही. मी कागदाचा माणूस."

"चिंधी कळते ना? तुझ्या घरी बाई साडी नेसते ना?"

"तोंड सांभाळून बोला. हे तुमच्या जावयानेच विकून खाल्लं नसेल कशावरून? ड्रायव्हर लोक काय काय करतात, आम्ही रोज बघतो."

लोटू उठला. भाईदास पुन्हा मध्ये आला म्हणून दिलीपच्या शर्टाची इस्त्री वाचली. जाताना तो लांबून म्हणाला, "सोमवारपर्यंत. जशी दिली तशी. नाहीतर अनामत विसरा."

संध्याकाळी रंजना दवाखान्यातून आली. सहा दिवसांत ती निम्मी झाली होती. प्रमिलाबाईने तिला बाजूला घेतलं. पुट्टी भरून टाका म्हणावं, गाडी देऊन टाका, तुझी पोत तरी हाती येईल, असं ती कुजबुजत होती. लोटूला ऐकू आलं नाही, पण कळलं. त्याने दोघींना गाडीपाशी बोलावलं. डब्याचा पत्रा दाखवला. बोळा दाखवला. मग जे कुणी विचारलं नव्हतं, ते सांगितलं.

"धोंड्याना दिवशी मी ठोकी देखं व्हतं. आवाज बद व्हता."

रंजनाला क्षणभर उमगलं नाही. मग तिचा चेहरा बदलला. "आबा, तुम्हले मालूम व्हतं?"

"आतलं नही. पुट्टी शे, इतलं मालूम व्हतं."

"मंग बोलना का नही?"

"जवाई पाटवर बठेल व्हतात. चार लोकं व्हतात..."

"चार लोकं!" रंजना ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा ती बापावर ओरडली होती. "तेहतीस अनारसा दिनात त्यास्ले. एक शब्द नही दिना! गल्लीना पोरास्ले तुम्ही दिवसभर शिव्या देतस, गिऱ्हाइकास्ले तोंडवर बोलतस, आन् त्यास्ले झकास शे सांगं?"

प्रमिलाबाई मध्ये पडायला गेली. लोटूने हाताने तिला थांबवलं. त्याला ते सगळं ऐकायचं होतं. कमी ऐकू येणारा माणूस, त्या दिवशी त्याला शब्दन् शब्द ऐकू आला.

रंजना ओरडून थकली आणि दुकानाच्या पायरीवर बसली. मग पिशवीतून तिने करारनाम्याचे कागद काढले. गुजरातीत होते. ती बोट ठेवून वाचत गेली. एका ओळीवर तिचं बोट थांबलं. गाडी ज्या स्थितीत दिली, त्याच स्थितीत परत करायची.

तिने ती ओळ दोनदा वाचून दाखवली. लोटूने गाडीकडे बघितलं. मग पोरीकडे.

"पोत जाई," तो म्हणाला.

"जाऊ द्या. पन आबा, हाई झाकू नका."

शुक्रवार, शनिवार, रविवार. लोटूने तसलं काम उभ्या जन्मात केलं नव्हतं. टेम्पोने चेपलेलं जे जे होतं, ते सगळं त्याने ठोकून सरळ केलं. बोनेट, पत्रा, बंपरचे कान. ते असं केलं, की हात फिरवला तर जोड लागू नये. अपघाताची एक खूण गाडीवर ठेवली नाही. आणि त्याआधीचं जे होतं, त्याला त्याने फक्त धुतलं. जुनी पुट्टी कणाकणाने खरवडली. फाटकं चेसिस तारेच्या ब्रशने घासून चकचकीत केलं. डब्याचा पत्रा, त्यावरचं शेंगदाण्याचं चित्र, वेल्डिंगचे चार टिपके, सगळं उघडं. चिंध्यांचा बोळा जिथून काढला तिथेच पुन्हा ठेवला, वरचं झाकण मात्र लावलं नाही. रंजनाने मोबाईलवर प्रत्येक जागेचा फोटो काढला, शेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र धरून.

सोमवारी सकाळी रंजना दवाखान्यात गेली आणि लोटू गाडी ओढून पर्वत पाटियाच्या पुढे कंपनीच्या यार्डात घेऊन गेला. साडेनवाची वेळ. भाडं भरायला, गाडी बदलायला वीसेक ड्रायव्हर रांगेत उभे होते. पांढऱ्या गाड्या ओळीने लागलेल्या, सगळ्या धुतलेल्या.

दिलीप बाहेर आला आणि जागीच थांबला. "हे काय आणलंत?"

"गाडी. जशी दिली तशी."

"काका, मस्करी करू नका. ही अर्धवट आहे."

"अर्धवट काय आहे ते बोट ठेवून दाखव. टेम्पोने मोडलेलं एक ठिकाण दाखव, मी इथे बसून ठोकून देतो." लोटूचा आवाज चढत गेला. बहिऱ्या माणसाचा आवाज, अख्ख्या यार्डाला पुरला. "माझ्या जावयाने मोडलं, ते मी जोडलं. तुम्ही मोडकं दिलं होतं, ते मोडकं परत आणलंय. हा पत्रा तुमचा. ही चिंधी तुमची. मोजून घे आणि पावती दे!"

"गेट बंद करो," दिलीप वॉचमनला म्हणाला. पण रांग मोडली होती. ड्रायव्हर गाडीभोवती जमले. एकाने वाकून आत बघितलं. एकाने बोळा उचलला, उलगडला, आणि जरीचा मोर सगळ्यांना दिसला.

मग एक पोरसवदा ड्रायव्हर लोटूच्या कोपराला हात लावून म्हणाला, "काका, मारी गाडी जुओ ने जरा."

लोटू त्याच्या गाडीपाशी गेला. पेराने वाजवलं. टण्ण. पुढे. टण्ण. उजव्या चाकावर. थप्प.

पोराने त्याच्या तोंडाकडे बघितलं. "केवी छे?"

"खराब शे," लोटू म्हणाला. "बठू नको हिच्यात."

तो पुढच्या गाडीकडे वळला. तोवर बाकीचे आपापल्या गाडीपाशी गेले होते आणि पेराने पत्रे वाजवत होते. टण्ण, थप्प, टण्ण, थप्प, थप्प. दिलीप मोबाईल कानाला लावून कुणाला तरी साहेब, साहेब म्हणत होता. लोटूच्या खिशातला फोन वाजत होता, पण त्या आवाजात त्याला तो ऐकू आला नाही.

पोत परत मिळाली नाही. फोटो लावून पोलिसांत दिलेल्या तक्रारअर्जाची शिक्का मारलेली प्रत प्रमिलाबाईच्या ट्रंकेत, त्या तांब्याच्या ताटाखाली आहे. लोटू अजून पत्रे ठोकतो. गल्लीत कुणाची नवी गाडी हार घालून आली, की तो न बोलावता जातो, चारचौघांत वाजवतो आणि जे असेल ते तोंडावर सांगतो. लोकांना राग येतो. येऊ दे.

गजेंद्र पंडित महाजन, वय सत्तावीस, सोमवार, ११ डिसेंबर २०२३ रोजी सकाळी पावणेदहाला गेला. लोटू तेव्हा यार्डात होता.