तपासणीच्या दिवशीचा केक

विकाऊ घर तपासायला गिऱ्हाइकाचा माणूस येतो त्या दिवशी मालकानं घरात थांबायचं नाही, ही आमच्या विस्कॉन्सिनमधली रीत. कुत्र्याला गाडीत घालायचं आणि कुठंतरी निघून जायचं. व्हर्नाबाई कोसेल थांबल्या. वर दालचिनीचा केक केला. मी त्यांची एजंट. मला कळेपर्यंत केक संपला होता आणि बाईंचं गुपितही फुटलं होतं. लेकीच्या गावातला फ्लॅट त्यांच्यासाठी शुक्रवारपर्यंतच राखलेला होता. तोवर हे घर विकलं नाही तर तो हातचा जाणार.

ऐकणारं गिऱ्हाईक क्रेग लिंडाल, बायकोला घेऊन आलेला. नम्र माणूस. केकचे दोन तुकडे खाल्ले, तिसरा बांधून नेला. मी तो केक नुकसानीत धरला.

गुरुवारी क्रेग एकटाच आला. स्वैपाकघराच्या टेबलावर तपासणीचा अहवाल ठेवून म्हणाला, दुरुस्तीपोटी किमतीतून बारा हजार डॉलर उतरवा. मी आकडा ऐकून घेतला, अहवाल नको म्हटलं. आमच्याकडे विकणारा तो वाचतच नाही. एकदा दोष कळला की पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगणं कायद्यानं भाग.

क्रेगनं कागद बोटानं पुढे सरकवला. "काकू, सौदा मोडला तर हे इथंच ठेवून जाईन. मग सांगत बसा एकेकाला."

मी टेबलाखाली बाईंचा पाय दाबला. त्यांनी पाय काढून घेतला, चष्मा चढवला आणि अहवाल उघडला.

अंगणातल्या मॅपलच्या मुळांनी सांडपाण्याचा पाइप फोडला होता; फोटोही जोडलेले. ते झाड त्यांच्या नवऱ्यानं लावलेलं. बाईंचा चेहरा उतरला.

"कळलं," त्या म्हणाल्या. "आता कशाची भीती दाखवतोस? पाइपचे सहा सोडते."

"बारा. नाहीतर मी निघालो. तुमचा शुक्रवार उद्यावर आलाय."

माझ्या हिशेबात आम्ही बुडालो होतो.

"जा की," बाई म्हणाल्या. "पण त्या दिवशी तू केक खात होतास, तेव्हा तुझी बायको माडीवर काय करत होती रे? शिवणाचा टेप मीच दिला तिला. माझ्या लेकीच्या खोलीतल्या खिडक्या मापत होती. कापड आणलं असेल एव्हाना."

क्रेगचे कान लाल झाले.

"पिवळं आणलंय," तो म्हणाला. "पडदे शिवूनही झाले."

फोन करायला तो बाहेर मॅपलखाली गेला. खिडकीतून दिसत होतं, तो नुसता ऐकत होता. बोलणं सगळं पलीकडून चाललं होतं. आत येऊन त्यानं सहा हजारांवर सही केली. बाईंनी नव्या केकची बशी पुढे केली, तर त्यानं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.